फौजी सेवेचा फेटा

१ ऑगस्ट १९४६, सकाळी
आजपासून रोजनिशी. मोठी माणसं लिहितात असं ऐकून आहे, आणि आज सकाळपासून मी मोठ्या माणसांत जमा होतो आहे.

बातमी अशी. अकोल्याहून फौजेचे मेजर साहेब गणपतीत आमच्या अनसिंगला येणार. लढाईवरून परत आलेल्या शिपायांची ज्याने मनोभावे सेवा केली अशा एका व्हॉलंटियरचा जाहीर सत्कार करणार. साहेब स्वतःच्या हाताने जरीचा फेटा बांधणार. फोटोसुद्धा निघणार.

फेटा एकच आहे. बरं झालं. दोन असते तर दुसऱ्यासाठी डोकं कुठून आणलं असतं?

फौजी सेवा समितीचा ऑनररी सेक्रेटरी मी. समिती मीच काढली. निवडणूक रीतसर झाली, विरोध झाला नाही, कारण सभेला दुसरं कोणी आलं नव्हतं. तेव्हापासून जो शिपाई गावात उतरला त्याला मी चावडीपुढे उभा केला, हार घातला (कागदी आहे, काढून परत ठेवतो) आणि 'महायुद्ध आणि आपण' हे माझं भाषण ऐकवलं. एकालाही त्याशिवाय घरी जाऊ दिलं नाही. बायका-पोरं वाट बघत होती, तरी नाही.

दुपारी
जुना फेटा बांधून आरशापुढे उभा राहिलो. फोटोला मान थोडी डावीकडे हवी. बायको सोजरबाई दारात येऊन म्हणाली, "अजी, डोकं दुखते काय? तेल लावून देऊ?" फौजी सेवेचं महत्त्व हिला कधीच कळलं नाही.

४ ऑगस्ट
घात झाला.

पटवारी सांगत होते, फेट्यासाठी नाव पक्कं झालं, जगदेवरावांचं. मी विचारलं, कोण जगदेवराव? म्हणाले, अहो तुमचे साडू!

जगदेव म्हणजे सोजरच्या धाकट्या बहिणीचा, रंगूचा नवरा. आमच्याच गल्लीच्या टोकाला राहतो. आयुष्यात एक भाषण केलेलं नाही. दमणी जुंपून रेल्वे स्टेशनवर जातो आणि उतरलेल्या फौजींना आपापल्या गावी, तांड्यावर सोडून येतो, एवढंच. ते तरी सेवेसाठी करतो का? त्याचा धाकटा भाऊ अमृता मलायाच्या लढाईत बेपत्ता आहे. तो आज उतरेल, उद्या उतरेल, म्हणून हा गाडीच्या वेळेला जाऊन बसतो. भाऊ उतरत नाही. मग दमणी रिकामी आणण्यापेक्षा जो फौजी दिसेल त्याला बसवतो. यात सेवा कुठे आली? चालतात बैल, हा नुसता बसतो. सत्कार करायचाच असेल तर बैलांचा करा.

नाव कोणी सुचवलं म्हणून विचारलं. म्हणे फौजींनीच. ज्यांच्या गळ्यात मी हार घातला त्यांनीच माझा गळा कापला!

सूड घेईन. आधी जगदेवचा. मग फौजींचा, जमेल तसा.

६ ऑगस्ट
जगदेवशी बोलणं बंद. सकाळी तो समोरून येताना दिसला, मी ताडकन मान फिरवली. त्याचं लक्ष नव्हतं. म्हणून देवळामागून वळसा घालून पुन्हा समोर आलो आणि पुन्हा फिरवली. तर म्हणतो, "काहून भाऊ, मान धरली काय? रंगूले सांगतो, विटकर तापवून शेकून देईन." किती पाताळयंत्री माणूस!

सोजरला बजावलं की बहिणीच्या घरी पाऊल टाकायचं नाही. "बरं," म्हणाली. आवाज रंगूच्या परसातून आला.

८ ऑगस्ट
प्लॅन सापडला. सन बेचाळीसच्या गडबडीत जगदेवने एका फरारी विद्यार्थ्याला कडब्याच्या गंजीत लपवलं होतं. सगळ्या गावाला ठाऊक आहे. मीही तेव्हा गप्प बसलो, कारण भाकरी नेऊन देण्याचं काम सोजर करत होती. पण आता राष्ट्राचा प्रश्न आहे. सरकारविरोधी डोक्यावर सरकारी फेटा? अर्ज लिहिला. सोजरचं नाव गाळलं. अर्जाची भाषा इतकी जळजळीत झाली आहे की वाचून मलाच भीती वाटली.

१२ ऑगस्ट
अर्ज घेऊन जातीने वाशीमला गेलो. कचेरीतल्या बाबूने वाचला. उठून उभा राहिला. मला वाटलं, शिपाई बोलावतो. तर हात जोडून म्हणाला, "एवढा मोठा देशभक्त तुमच्या गावात, अन् आमाले ठाऊकच नाही!" नागपुरात आता आपलं मंत्रिमंडळ आलं आहे म्हणे, आणि बेचाळीसची माणसं शोधून शोधून काढायची आहेत. माझ्या अर्जाबद्दल त्याने माझे आभार मानले. चहा पाजला.

राज्य बदललं की कोणीतरी मला वेळेवर कळवायला हवं. आता जगदेवला फेट्याबरोबर शालही मिळणार आहे. माझ्या शिफारशीवरून.

१६ ऑगस्ट
नवा निश्चय. शत्रूला त्याच्याच मैदानात गाठायचं. फौजी स्टेशनवरून आणायचे ना? मीही आणतो. माझे बैल जगदेवच्या बैलांपेक्षा तगडे आहेत, फक्त त्यांना कामाची सवय नाही.

पहाटेच बंडी जुंपली आणि गाडी यायच्या आधी स्टेशनवर हजर. जगदेव नेहमीच्या बाकावर बसला होता. डब्यांकडे एकटक बघत होता, त्या संधीचा फायदा घेऊन मी दोन फौजी उचलले. एक रिठदकडचा. दुसरा आमच्या बाजूच्या तांड्यावरचा हवालदार हेमसिंग, बरम्याच्या लढाईतून थेट. डोळे लालभडक. वेळ वाया जाऊ नये म्हणून बंडी हलताच मी भाषण सुरू केलं. दोघंही मध्ये एक शब्द बोलले नाहीत. असे श्रोते गावात मिळत नाहीत.

नाल्याजवळ काळ्या मातीत चाक आखापर्यंत रुतलं. बैल खाली बसले. मी बोलणं थांबवलं नाही. इतक्यात मागून जगदेव आला. त्याने आपले बैल सोडून माझ्या बंडीला लावले, पण चाक बाहेर आलं तेव्हा त्याचा आख मोडलेला निघाला. शेवटी दोन्ही फौजी, मी आणि माझं भाषण त्याच्याच दमणीतून निघालो. मला मागे बसवलं, पाय बाहेर सोडून. मी भाषण तसंच चालू ठेवलं, पण तोंड उलट दिशेला होतं.

गावाजवळ मी त्याला म्हणालो, आज तुझं नशीब चांगलं म्हणून वाचलास. तो म्हणाला, "भाऊ, आजबी अमृता नाही उतरला." विषय बदलण्यात पटाईत आहे.

१९ ऑगस्ट
गावात कुजबुज चालू आहे की मला जगदेवने चिखलातून काढलं. बैलांनी काढलं. पण लोकांना खरं नको असतं.

रागाने जेवण जात नाही. दुपारी फक्त चार भाकरी खाल्ल्या.

२० ऑगस्ट
सापडलं! पोळा!

पोळ्याला तोरणाखाली बैल उभे राहिले की झडत्या होतात. गावातल्या वाटेल त्या माणसाची टर उडवून मोठ्याने कवन म्हणायचं. नियम दोनच. नाव घ्यायचं नाही, ते गावाने ओळखायचं. आणि ज्याच्यावर झडती झाली त्याने रागवायचं नाही. म्हणजे जगदेवला भर गावात सोलून काढायचा आणि त्याने हसत उभं राहायचं. ज्याच्यावर अशी झडती झाली त्याला आठवड्याने फेटा बांधायला कोणता साहेब धजेल?

दिवसभर माडीवर बसून झडती रचली. प्रत्येक ओळ जगदेवला अंगरख्यासारखी बसली पाहिजे, असं करून रचली. उतरवून ठेवतो:

अकड रे अकड, मिशीची अकड,
लढाई नाही पाह्यली अन् फौजेची पकड!
बरम्याले नाही गेला, गेला नाही कोठी,
फौजीच्या जिवावर याची बात मोठी!
फेट्यासाठी झुरते, आरशात पाह्यते,
सांगा रे बाप्पा, हा कोठी राह्यते?

जगदेवला मिशी आहे. तो लढाईला गेलेला नाही. फेट्यासाठी झुरत असणारच, कोण झुरत नाही? आरसाही त्याच्या घरात आहे, त्याच्या लग्नात आम्हीच दिला होता. शेवटचा सवाल ऐकताच सारा गाव त्याच्याकडे बोट दाखवील. हात शिवशिवत आहेत.

२२ ऑगस्ट
झडती म्हणायला नानाजीला गाठलं. म्हातारा आहे पण आवाज असा की शेलूबाजारचे बैल कान टवकारतील. दरवर्षी तोच म्हणतो. त्याला ओट्यावर बसवून पाठ करून घेतली. दोनदा ऐकल्यावर तो माझ्याकडे बराच वेळ बघत राहिला. म्हणाला, "बबनराव, हे तुमीच रचली?" मी होकार दिला. "अन् हे गावापुढं म्हनाची?" मी म्हणालो, खणखणीत. म्हातारा म्हणाला, "मोठं काळीज लागते बाप्पा." माझ्या कवित्वाची अशी कदर आजवर कोणी केली नव्हती.

रचणाऱ्याचं नाव गुप्त ठेवायचं वचन घेतलं.

२६ ऑगस्ट, पोळा, सकाळी
बैल धुतले, शिंगांना बेगड लावली. सोजर पुरण घाटते आहे. आज सूर्य मावळण्याआधी जगदेवचाही मावळेल. नवीन कोट घालतो. सूड नीटनेटक्या कपड्यात घेतलेला बरा.

संध्याकाळी
झालं! अपेक्षेपेक्षा मोठं झालं!

सारा गाव तोरणाखाली. जगदेव माझ्या शेजारीच बैल घेऊन उभा. नानाजी पुढे झाला आणि झडती सोडली. पहिल्याच ओळीला हशा. तिसऱ्या ओळीला लोक एकमेकांच्या अंगावर पडत होते. "हा कोठी राह्यते?" म्हटल्यावर सगळ्या माना एका झटक्यात आमच्या बाजूला वळल्या. बायकासुद्धा. महादेवाचा असा गजर झाला की माझा पवळ्या बैल तोरण तोडून पळाला.

इतकं कौतुक बघून मला राहवलं नाही. रचणारा कोण ते लोकांनी ओळखलंच होतं. मी दोन पावलं पुढे झालो आणि वाकून नमस्कार केला. त्यावर हशा अजून वाढला. जगदेवचा चेहरा पडलेला होता. तो हसला नाही. नियम मोडला त्याने.

पोळी तुपाशी खाल्ली. आजच्यासारखी झोप कित्येक वर्षांत लागली नसेल.

२७ ऑगस्ट
सोजर सकाळी पाणी देताना डोळे पुसत होती. काय झालं विचारलं. म्हणाली, "कोन मेल्यानं तुमच्यावर झडती रचली जी? अन् तुमी त्याच्यातच नमस्कार करून राह्यले!"

माझ्यावर?

मी समजावलं की ती जगदेववर होती. ती म्हणाली, जगदेवच्या घरातला आरसा त्याच्या पोरीने केव्हाच फोडला. आणि फेटा बांधून आरशापुढे कोण उभं होतं ते तिने स्वतः पाहिलं आहे.

कट आहे हा. संपूर्ण गावाला कविता समजत नाही.

दुपारी
जगदेव आला. कपाळावर आठ्या, हातात काठी. मी आत गेलो. तो ओसरीतूनच ओरडला, "भाऊ, ज्यानं कोनं तुमच्यावर झडती केली त्याचं नाव सांगा. आपल्या मानसाले असं भर तोरनात बोलते! मी त्याले सोडत नाही." मी आतूनच म्हणालो, जाऊ दे, मी मोठ्या मनाचा आहे. तो म्हणाला, "तुमचं मन मोठं अशीन, माहं नाही. नानाजीले इच्यारतो."

नानाजीच्या घराकडे निघाला. मी दाराला आतून कडी घातली आहे.

संध्याकाळी
परत आला. काठी नव्हती. ओसरीत बसला, सोजरने दिलेला चहा प्यायला, माझ्याकडे पाहिलं नाही. जाताना म्हणाला, "झालं ते झालं भाऊ. घरातलं घरात राहू द्या." आणि पवळ्या सापडला, त्याच्या गोठ्यात बांधला आहे, असं सांगून गेला.

नानाजीने नाव सांगितलं नसावं. सांगितलं असतं तर जगदेवने मला सोडलं नसतं. मी असतो तर सोडलं नसतं.

तरी मला बरं का वाटत नाही, कळत नाही.

३० ऑगस्ट
गणपती बसले. पोरं माझ्या मागून "अकड रे अकड" म्हणत जातात. चाल बरोबर लावत नाहीत, ती चीडही वेगळीच.

निश्चय: सत्कारावर संपूर्ण बहिष्कार.

३ सप्टेंबर, संध्याकाळी
सत्काराला गेलो. टाळ्या वाजवायच्या नाहीत हे ठरलेलं होतं, पण घरी बसून टाळ्या वाजवल्या नाहीत तर कळणार कोणाला? म्हणून पुढच्याच रांगेत बसलो. हात मांडीखाली दाबून ठेवले.

मेजर साहेबांनी जगदेवला फेटा बांधला, शाल पांघरली, नारळ दिला. फेटा त्याला मोठा झाला, कानावर आला. मला बरोबर बसला असता. दोन शब्द बोला म्हणाले, तर उभा राहून म्हणतो, "गाडी येते, मी जातो. माहा नाही त कोनाचा तरी भाऊ उतरते." आणि बसला. याला भाषण म्हणतात? पण लोक टाळ्या वाजवत राहिले. बायका डोळ्यांना पदर लावत होत्या. माझे हात मुंग्या येऊन बधिर झाले, तरी काढले नाहीत.

मग तांड्यावरचा हेमसिंग उठला. कडक सॅल्यूट ठोकून म्हणाला, "साहेब, एक नाव राह्यलं." आणि बोट माझ्याकडे केलं.

मी उठलो. कोटाची बटणं लावली. मान थोडी डावीकडे केली, फोटोवाला समोरच होता. शेवटी फौजींनाच खरं-खोटं कळतं, हे मला आतून माहीत होतं.

हेमसिंग म्हणाला, "बरम्यात आमची खंदक बुजली, तवापासून डोये मिटले का तोफा सुरू होतात. दवाखान्यात गोया देल्ल्या. दारू पेलो. काहीच झालं नाही. त्या दिवशी बंडीत याइनं भाषन सुरू केलं, अन् मी झोपलो साहेब. चिखलात झोपलो, दमनीत झोपलो. कित्येक महिन्यानं मानसासारखा झोपलो. याइचाबी सत्कार करा."

जो हशा झाला तो पोळ्याला झाला नव्हता. मांडवाचा एक बांबू पडला. नानाजी तर खाली बसून पोट धरत होता. हसले नाहीत ते दोघंच, हेमसिंग आणि साहेब. साहेबांनी मला भाषणाचा विषय विचारला. 'महायुद्ध आणि आपण', मी सांगितलं. त्यांनी माझा हात हातात घेतला आणि बराच वेळ सोडला नाही. फोटोवाल्याची प्लेट संपली होती.

जगदेवचं राहू दे. आता पहिला नंबर हेमसिंगचा. भर सभेत माझ्या वक्तृत्वाची माती केली. असा सूड घेईन की सात तांडे नाव काढतील.

४ सप्टेंबर
दुपारी हेमसिंग घोंगडी खाकेत मारून माझ्या ओसरीवर आला. बायको गोमतीबाईने पाठवलं म्हणे, रात्रभर ओरडत होता. "करा जी भाषन," म्हणाला, आणि आडवा झाला.

शिकार स्वतःच्या पायाने आली. ठरवलं, याला पूर्ण ऐकवायचं. चावडीवर वेळेअभावी गाळतो त्या प्रस्तावनेसह. उभा राहिलो, घसा साफ केला. पहिल्या महायुद्धापर्यंतसुद्धा पोचलो नव्हतो, तो घोरायला लागला.

झोपलेल्यावर सूड कसला? मी थांबलो. थांबताच तो किंचाळून उठला, खांबाला मिठी मारली, अंग थरथर कापत होतं. मी हबकलो. आतून सोजर ओरडली, "अजी, थांबू नोका, बोलत राहा!" बोलायला लागलो. त्याची मिठी सुटली. हळूहळू कलंडला, पुन्हा घोरायला लागला.

महायुद्ध संपलं. आपण संपलो. पुन्हा सुरुवातीपासून म्हणालो. मध्येच जगदेव आला, स्टेशनवरून, एकटाच. पायरीवर टेकला. ऐकतो आहे असं वाटलं म्हणून मी आवाज चढवला, आणि बेचाळीसचा अर्ज, चिखल, झडती, सगळं भाषणात घातलं. त्याच्याकडे बोट करून म्हणालो, की तो माझा वैरी आहे. त्याने भिंतीला डोकं टेकवलं होतं, तोंड उघडं पडलं होतं. रोज पहाटे उठतो, तोही झोपला होता.

वैरी माझ्या पायरीवर, माझ्या तावडीत, आणि मला थांबता येत नाही. सोजर तर कधीच उठून रंगूकडे गेली होती. गुरं घरी येईपर्यंत बोललो. शेवटी शेवटी घसा बसला तेव्हा कुजबुजत बोललो.

आजवरचं सर्वोत्तम भाषण झालं. टाळ्या वाजवायला कोणी जागं नव्हतं.